घासून काढलेला नंबर

१

जुनी शर्यतीची मोटरसायकल कुणी तपासायला आणली की मी आधी मालकाला स्वयंपाकघरात चहा प्यायला पाठवते. मालक शेजारी असला की बोलत राहतो. गाडी कुठे जिंकली, कुणी पळवली, याच्या कथा त्याला तोंडपाठ असतात आणि त्यातल्या निम्म्या त्याच्या आजोबांनी दारूच्या गुत्त्यात रचलेल्या असतात. मला कथा नको असतात. मला सांगाडा, इंजिन आणि झिजलेल्या जागा बघायच्या असतात.

फडका मारून आणलेल्या गाडीला मी हात लावत नाही. चिखल, तेलाची पुटं, गंज, सगळं बोलतं. पाय ठेवायची दांडी कुठल्या अंगाने झिजलीय त्यावरून स्वार कुठल्या पायावर भार टाकायचा ते कळतं. टाकीवरचा रंग गुडघ्याने कुठवर उडालाय त्यावरून त्याची मांडी किती लांब होती ते कळतं. सुरुवातीला आमच्या क्लबातले बाप्ये मला सँडविच करायला बसवायचे. आता माझ्या सहीशिवाय उन्हाळ्यातल्या टेकडीच्या शर्यतीत कुणाचीच जुनी गाडी उतरत नाही, आणि सँडविच ते स्वतः करतात.

अस्सल गाडीची माझी व्याख्या साधी आहे. सांगाडा आणि इंजिन कारखान्याच्या दारातून एकत्र बाहेर पडलेले हवेत. दोघांवर ठोकलेला नंबर एकच हवा. एकाचा सांगाडा आणि दुसऱ्याचं इंजिन असेल, तर ती गाडी कितीही देखणी असो, मी नाही म्हणते. मोठमोठे पुरुष माझ्या अंगणात रडकुंडीला आलेत. मला त्यांची दया येत नाही.

डेस माझा धाकटा भाऊ. मार्लीन, त्याची बायको, गेली तेव्हा तो माझ्या घरी, क्रॅडली हीथला, राहायला आला. येताना दोन सुटकेसा आणल्या आणि एक सांगाडा. हॅलार्ड कंपनीच्या शर्यतीच्या गाडीचा, चौतीस सालचा, इंजिन नसलेला. तो त्याने तरुणपणी एका शेतावरून उचलून आणला होता आणि मार्लीनने जन्मभर त्यावर टॉवेल वाळत घातले होते. आमच्या शेडच्या भिंतीला तो टांगला, आणि डेस खिडकीपाशी जाऊन बसला. त्यानंतर तो तिथून उठेचना.

ओतकामाच्या कारखान्यात असताना त्याच्या पाठीचा मणका मोडला होता. आत सळई घातलीय. त्याला वाकता येत नाही. मोटरसायकलवर बसला तरी पाद्रीबुवा सायकलवर बसावेत तसा ताठ बसतो. रोज सकाळी मी त्याच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायचे आणि तो वरून म्हणायचा, "नीट ओढ, बाई. तुझ्या हातात जोर राहिला नाही आता." तेवढंच बोलायचा दिवसभरात.

मला माझा भाऊ परत हवा होता. म्हणून मी त्या सांगाड्याचं इंजिन शोधायला लागले.

२

इंजिन सापडलं नेदरटनला, विल्फ भंगारवाल्याकडे. कुठल्याशा मोडक्या घराच्या परसात जमिनीखाली निघालं होतं, पोत्यात गुंडाळून पुरलेलं. विल्फने ते माझ्या शेडमध्ये टेबलावर आदळलं आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हॅलार्डचंच आहे ना?"

"दिसतंय तर."

"मग तोंड का वाकडं?"

मी बोट दाखवलं. इंजिनाच्या पोटावर नंबराची जागा असते. तिथे कुणीतरी कानस मारली होती. घाईघाईने नाही, सावकाश, एका रेषेत, धातू आरशासारखा होईतो. नंबराचा मागमूस नव्हता.

"चोरीचं आहे," मी म्हटलं.

"देवाशप्पथ, मी नाही हं!"

"तुझ्या जन्माआधीची चोरी आहे ती, गाढवा. जा, चहा घे."

आमच्या धंद्यात घासलेला नंबर म्हणजे चोर. याला दुसरा अर्थच नसतो. चोर नंबर घासतो, आणि त्याला वाटतं की झालं. पण ठसा मारताना खालचा धातूही दबतो, जिथे कानस पोचत नाही तिथवर. वरून ऍसिडचा बोळा फिरवला की दबलेला धातू वेगळा रंग धरतो आणि गेलेला आकडा वर येतो. क्षणभरच दिसतो. तेवढं पुरतं.

मी बोळा फिरवला. डेस दाराशी येऊन उभा होता. कितीतरी दिवसांत तो आपणहून शेडमध्ये आला नव्हता.

आधी आर उमटला. मग चार. मग हळूहळू, खालून वर तरंगत यावा तसा, एक.

डेसने भिंतीवरच्या सांगाड्याकडे पाहिलं. तिथला नंबर आम्हा दोघांना तोंडपाठ होता. आर एक्केचाळीस.

"हिल," त्याने मला नावाने हाक मारली, आणि मग तो हसला. माझा भाऊ हसला हो. मी त्या इंजिनाचा मुका घेतला असता.

३

सत्तर वर्षं एकमेकांपासून दूर राहिलेलं लोखंड सहजासहजी जुळत नाही. भोकं सरकलेली असतात, कड वाकलेली असते, ठोकाठोकी करावी लागते. विल्फने आणि मी इंजिन उचलून सांगाड्यात धरलं, आणि लांब बोल्टी मी बोटांनीच आत ढकलल्या. सगळ्या गेल्या. एकही अडली नाही. विल्फ म्हणाला, "अगदी घरच्यासारखं बसलं की गं," आणि बाहेर जाऊन त्याने लागोपाठ दोन सिगारेटी ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. अंगणात थंडी होती, शेडच्या काचेवर दव. दार उघडलं आणि मला आवाज आला.

टिक्. मग थोडं थांबून, टिक्.

गाडी पळवून आणून उभी केली की इंजिन निवताना असा आवाज करतं. तापलेला धातू आकसत जातो, आधी भराभर, मग रेंगाळत. आम्ही दोघं या आवाजात वाढलो. बाबा कामावरून आले की परसात त्यांची गाडी असाच आवाज करायची, आणि आई त्यावरून ओळखायची की ते सरळ घरी आलेत की कुठे थांबून आलेत.

पण या इंजिनात पेट्रोल नव्हतं. तेल नव्हतं. ते फिरवलंच नव्हतं मी. मी हात लावला. बर्फासारखं गार.

टिक्.

पत्र्याचं छप्पर, मी स्वतःला सांगितलं. ऊन चढतंय, पत्रा ताणतोय. मी बाहेर येऊन वर पाहिलं. आभाळ भरलेलं होतं. ऊन नव्हतं. असेल काहीतरी, असं म्हणून मी डेसचा नाश्ता करायला गेले, आणि तव्यावर बेकन चरचरायला लागलं तेव्हा बरं वाटलं.

४

टाकी आणि चाकं जमवायला वेळ गेला नाही. सगळं आपणहून चालून यायचं. टाकीवर पुढे एक छोटी गादी असते, चामड्याची, मुठीएवढी. सरळ रस्त्यावर स्वार टाकीवर पालथा पडतो आणि हनुवटी तिच्यावर टेकतो, म्हणजे वारा डोक्यावरून जातो. ती गादी मी एका जुन्या बाजारातून आणली. तशा दहा असतात, कुठलीही बसते. ही त्याच टाकीची होती. स्क्रूच्या खुणा खुणांवर बसल्या.

डेस आता खायला लागला होता. शेजारच्या बायकांची टिंगल करायला लागला होता. दाढी करताना गायचा. क्लबातला कुणी भेटायला आला की म्हणायचा, "आमच्या हिलने मला म्हातारपणी नवरी आणून दिलीय. वय जरा जास्त आहे, पण तुझ्या बायकोपेक्षा कमी कुरकुरते." मला इतकं बरं वाटायचं की बाकीचं मी मनावर घेत नव्हते.

बाकीचं म्हणजे गादी. रोज सकाळी ती दमट असायची. टाकी कोरडी, खोगीर कोरडं, नुसती गादी दमट, आणि मध्ये हनुवटीचा खळगा. मी बोटाने दाबून पाहिला. चामडं जुनं आहे, ओल धरतं, मी म्हटलं. संध्याकाळपर्यंत खळगा भरून यायचा. सकाळी पुन्हा पडलेला. अशी रोज रोज झीज होणाऱ्या गाडीला माझ्या भाषेत वापरातली गाडी म्हणतात.

एकदा दुपारी कपडे वाळत घालताना मी शेडच्या खिडकीतून आत पाहिलं. डेस गाडीवर बसला होता. त्याला बसायला मनाई नव्हती. पण तो पालथा होता. पाठ टाकीच्या रेषेत सपाट, कोपरं आत ओढलेली, हनुवटी गादीवर. समोरच्या भिंतीकडे डोळे बारीक करून बघत होता, आणि मान जरा डावीकडे कलती केलेली. पुढे कुठेतरी वळण असावं तशी.

माझ्या हातातली चादर चिखलात पडली. ती उचलून पुन्हा पाहिलं तेव्हा तो खुर्चीवर बसला होता, नेहमीसारखा ताठ, हातात चिंधी.

"पाठ कशी आहे?" मी दारातून विचारलं.

"कशी असणार? तुझ्या डोक्यासारखी. वाकत नाही."

५

नंबर कळला की स्वार शोधायचा, ही पुढची पायरी. कारखान्याच्या नोंदीत आर एक्केचाळीस हॉरेस टिमिन्स नावाच्या माणसाला दिली होती. चौतीसचा एक हंगाम तो चमकला, मग नाव गायब. त्याची धाकटी बहीण जिवंत होती, कालव्याच्या बाजूला वृद्धाश्रमात. एरवी मी पत्र टाकलं असतं. या वेळी बस पकडून गेले.

मिस टिमिन्स खिडकीपाशी शाल घेऊन बसल्या होत्या. मी डुकराच्या कुरकुरीत सालीचं पाकीट नेलं होतं. त्यांना दात नव्हते, तरी त्या चोखत राहिल्या.

"तुमच्या भावाची हॅलार्ड सापडलीय," मी म्हटलं. "सांगाडा आमच्याकडेच होता. आता इंजिनही मिळालं."

त्यांचं चोखणं थांबलं.

"वेगवेगळं आहे ना अजून?"

"नाही. जोडलं. नंबर घासला होता चोराने, पण मी तो काढला."

"चोराने?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला शाळेत असल्यासारखं वाटलं. "अगं पोरी, माझ्या आईने घासला तो. परसातल्या भट्टीवर लोखंडी साखळ्या घडवायची ती. कानस कशी मारायची ते तिला कुणी शिकवायला नको होतं. पूर्ण एक दिवस घासत होती. तुझ्यासारखा कुणी शहाणा निघेल आणि पुन्हा जोडेल म्हणून."

तरी मी विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

"हॉरेस त्या गाडीवर गेला का? पडला?"

"पडला असता तर बरं झालं असतं. घरी आला तो. जेवला. वाटाणे आणि फॅगट, ते कलेजीचे गोळे, मला आठवतंय. आईकडे बघून हसला. पण हॉरेस डावखुरा होता, आणि काटा त्याने उजव्या हातात धरला होता." त्या बाहेर कालव्याकडे बघू लागल्या. "बुटाची नाडी तो घोट्यामागे नेऊन गाठ मारायला लागला. गिअरच्या दांडीत अडकू नये म्हणून. हॉरेसला कधी तसं करताना पाहिलं नव्हतं आम्ही. त्याला कुणी शिकवलं, विचारलं तर नुसतं हसला."

"मग?"

"मग आईने काही दिवस पाहिलं. एका सकाळी तो टेबलाशी चहा पीत होता. आई पाना घेऊन परसात गेली. इंजिन सुटल्याचा आवाज मी ऐकला. आत हॉरेसने कप खाली ठेवला. आई आली ती थेट त्याचे डोळे मिटायलाच. म्हणजे तिला ठाऊक होतं बघ."

दूध घेऊन नर्स आली. मिस टिमिन्सनी माझं मनगट धरलं. हातात अजून ताकद होती.

"तुमच्याकडे कोण आहे पुरुष माणूस?" त्यांनी विचारलं.

६

म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात काहीही असतं. बसमध्ये बसून मी स्वतःला हेच सांगत होते. बारा-तेरा वर्षांची पोर असेल ती तेव्हा. भाऊ छातीच्या दुखण्याने गेला असेल, पोरीने त्याची गोष्ट केली असेल. कथा. कथांना मी भीक घालत नाही. हे सांगत सांगत मी आमच्या थांब्याच्या एक थांबा आधीच उतरले आणि घरापर्यंत धावले.

डेस स्वयंपाकघरात होता, ताठ. नाड्या मी सकाळी बांधल्या तशाच, पुढे, माझी गाठ. मला रडू आलं. त्याने विचारलं, "काय गं, कोण मेलं?"

मी थेट शेडमध्ये गेले, मोठा पाना घेतला आणि इंजिनाच्या बोल्टींना लावला. ज्या बोल्टी मी बोटांनी ढकलल्या होत्या त्या हलेनात. पान्याला पाइप अडकवून लांब केला, त्यावर लोंबकळले. हलेनात. आणि सगळा वेळ इंजिन टिक् टिक् करत होतं, नुकतंच कुठून तरी आल्यासारखं.

मग मी एकच करू शकत होते. स्पार्क प्लग काढला. तो निघाला. प्लग नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर इंजिन नाही. लहान मूलसुद्धा सांगेल. प्लग एप्रनच्या खिशात टाकला आणि शेडला कुलूप लावलं. विल्फला फोन केला, उद्या कापायचं यंत्र घेऊन ये. मग डेससमोर बसले.

"मी दाखला देणार नाही. गाडी अस्सल नाही."

"काय?"

"नंबर खोटा आहे. नंतर कुणीतरी ठोकलाय. आज पुन्हा पाहिला मी."

त्याचा चेहरा पुन्हा खिडकीपाशी बसणाऱ्या माणसाचा व्हायला लागला होता. तो बघवत नव्हता मला.

"हिल, उभ्या जन्मात तू खोटा दाखला दिला नाहीस. बाबांची गाडीसुद्धा खोटी म्हणून सांगितलीस त्यांच्या तोंडावर. आज देतेयस."

"डेस, ऐक माझं..."

"मला दिवसभर करायला काय आहे गं? मार्लीनचा फोटो बघू? तू नाड्या बांधतेस ते बघू?" त्याचा आवाज चढला. "त्या गाडीवर बसलो की माझी पाठ दुखत नाही. कळलं तुला? दुखत नाही."

मी त्याला मिस टिमिन्सचं सगळं सांगायला हवं होतं. पण तो हसला असता, आणि तो हसला असता तर मलाही ते खोटं वाटलं असतं. मला ते खोटं वाटायला नको होतं.

७

दुसऱ्या दिवशी रविवार. विल्फ दुपारी येणार होता. मी कोपऱ्यावर पाव आणायला गेले आणि परत फिरले तेव्हा मला इंजिन ऐकू आलं.

जुन्या शर्यतीच्या इंजिनाचा आवाज मी कुठेही ओळखते. दबका नाही, थेट छातीवर येणारा, एकेक ठोका वेगळा मोजता येईल असा. तो वरून, टेकडीच्या रस्त्यावरून येत होता. मी खिशात हात घातला. प्लग होता. बोटांना त्याचे आटे लागले. मी तो मुठीत घट्ट धरला आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

वळणावरून गाडी आली. वळण डावीकडे होतं आणि ती जमिनीला टेकेल इतकी कलली होती. स्वार टाकीवर पालथा. पाठ सपाट. अंगात डेसचा निळा स्वेटर, मार्लीनने विणलेला, कोपरावर मी ठिगळ लावलेला.

मी हात वर केले, ओरडले. गाडी माझ्या बाजूने गेली, वारा लागला इतक्या जवळून. त्या क्षणात मी चेहरा पाहिला. हनुवटी गादीवर, डोळे बारीक. चेहरा डेसचाच होता. पण डेसच्या चेहऱ्याखाली कुणीतरी पुढे बघत होतं, फार दूरवर, आणि मी मध्ये उभी आहे हे त्याला फक्त अडथळा म्हणून ठाऊक होतं.

प्लग माझ्या मुठीत होता. तळहातात त्याचा वळ उठला होता.

८

मी घरी आले तेव्हा शेडचं कुलूप जागच्या जागी होतं. आत टिक् टिक् चालू होतं, भराभर. स्वयंपाकघरात डेस टेबलाशी बसला होता. गाल वाऱ्याने लाल झालेले.

"पाव आणलास का?" त्याने विचारलं. आवाज त्याचा.

मी पाव ठेवला. मी माझं काम केलं, जे मला येतं ते. त्याला न्याहाळलं. कपाळावरची खूण, लहानपणी मीच दगड मारला होता ती. तुटका दात. डाव्या कानाची वाकडी पाळी. सगळं जिथल्या तिथे, सगळं आमच्या घरातलं. कुणाही न्यायाधीशापुढे मी शपथेवर सांगितलं असतं की सांगाडा आमच्या डेसचाच आहे.

मग तो खुर्चीवरून वाकला. सहज, जसं तुम्ही वाकता. त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या. गाठी घोट्यामागे होत्या.

विल्फ दुपारी यंत्र घेऊन आला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हटलं, राहू दे, डेस खूश आहे. विल्फने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि म्हणाला, "बरा दिसतोय की तुझा भाऊ." मी म्हटलं, हो.

त्याला आता बरेच आठवडे झाले. डेस चांगलं जेवतो. टिंगल करत नाही. मार्लीनचा फोटो त्याने भिंतीवरून काढला नाही, पण त्याच्याकडे बघतही नाही. मी शेडमध्ये जाते तेव्हा पाना घेऊन जाते. बोल्टी आता सैल आहेत. बोटांनी फिरतात. एक अर्धी फिरवली होती मी, आणि स्वयंपाकघरातून कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मी ती परत आवळली.

मिस टिमिन्सच्या आईला ते जमलं. ती साखळ्या घडवणारी बाई होती. मला जमत नाही. आत जो बसलाय तो डेस नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या कपाळावर माझी खूण आहे, आणि ते कपाळ थंड पडलेलं मला बघायचं नाही.

रोज सकाळी मी अजून त्याच्या खुर्चीपुढे गुडघे टेकते. इतक्या वर्षांची सवय आहे, जात नाही. वाटतं, एखादे दिवशी पाय पुढे येईल आणि वरून कुणीतरी म्हणेल, नीट ओढ, बाई.

तो पाय मागे घेतो. हसतो.

"राहू दे," म्हणतो. "मला येतं."